बनू हिलालांची सीरा व इतिहासाची साक्ष

बाराव्या शतकांत बगदादेस जन्मलेला समौअल अल्‌-मघ्रिबी हा प्रसिद्ध गणिती आपल्या आत्मवृत्तांत एक मनोवेधक गोष्ट नमूद करून ठेवतो. वयाच्या दहाव्या वर्षापासून तेराव्या वर्षापर्यंत त्याला मोठमोठ्या वीरकथा वाचण्याचा नाद लागला होता. अन्तराची कथा, धात अल्‌-हिम्मा व अल्‌-बत्ताल यांची कथा, सिकंदराची कथा अशीं नांवें तो देतो. हे ग्रंथ वाचतां वाचतां त्यांतील बराच मजकूर इतिहासकारांच्या लेखनांतून उचललेला आहे हें त्याच्या ध्यानांत आलें, आणि मग तो खऱ्या इतिहासाच्या शोधास लागला. उलट पक्षीं, दोन शतकांनंतर दमास्कसचा मुख्य काझी ताज अद्दीन अस्‌-सुबकी (मृत्यु इ. स. १३७०) यानें नकला करून पोट भरणाऱ्या लेखनिकांस बजावलें कीं, अन्तराच्या कथेसारख्या निरुपयोगी पुस्तकांच्या नकला करण्यांत त्यांनीं हात विटाळूं नयेत. त्याच्याच काळचा इतिहासकार इब्न कसीर (मृत्यु इ. स. १३७३) यानेंही अल्‌-बत्तालाचें चरित्र देतांना त्याच्याविषयीं सामान्य जनांत चालणारी कथा खोटी म्हणून धिक्कारली. एकाला ज्या ग्रंथानें इतिहासाचा दरवाजा उघडून दिला, तोच ग्रंथ दुसऱ्यांनीं इतिहासाच्या नांवाखालीं चाललेली भामटेगिरी ठरविला. हा वाद अशा रीतीनें निदान सहाशें वर्षांचा जुना आहे, आणि तो अद्यापि मिटलेला नाहीं.

जुन्या दप्तरांचा व हस्तलिखितांचा व्यासंग असणारांस हा वाद परका वाटूं नये. एखादें पुस्तक कल्पित ठरलें कीं तें संग्रहाच्या खालच्या फळीवर टाकावयाचें, आणि अस्सल ठरलें कीं त्यांतील प्रत्येक अक्षर प्रमाण मानावयाचें, अशी आपली एक संवय असते. प्रस्तुत लेखांत ही संवय अरबी लोककथांच्या बाबतींत दोन्ही बाजूंनीं फसवी कशी ठरते, हें मुख्यतः बनू हिलालांच्या कथेवरून दाखविण्याचा हेतु आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या कथांतील ऐतिहासिक चूक ही बहुधा निव्वळ अज्ञान नसते. ती उत्तरकालानें पूर्वकालाच्या कागदावर उठविलेली मोहोर असते. ती वाचतां आली तर तीच साक्ष होते. मात्र ज्या काळाची गोष्ट चालली आहे त्या काळाची नव्हे, तर ती सांगणाऱ्यांच्या काळाची.

प्रथम या वाङ्मयप्रकाराविषयीं दोन शब्द. अरबी भाषेंत 'सीरा' याचा मूळ अर्थ चाल, वर्तन असा आहे. पैगंबराच्या चरित्रास सीरा म्हणतात. सुलतानाच्या दरबारीं बसून त्याच्या चिटणिसानें लिहिलेल्या चरित्रासही सीरा म्हणतात. आणि कॉफीखान्यांत रात्रीमागून रात्री चालणाऱ्या वीरकथेसही तोच शब्द आहे. म्हणजे लोककथेनें आपलें नांवच मुळीं इतिहासाकडून घेतलें आहे. ती स्वतःस कल्पित म्हणवीत नाहीं, घडलेली हकीकत म्हणून सांगते, आणि ऐकणारेही तशीच ऐकतात. अशा सीरा अनेक आहेत. इस्लामपूर्व कवि अन्तरा याची. बायझन्टाइन सरहद्दीवरील झुंजांची धात अल्‌-हिम्मा हिची. येमेनच्या सैफ इब्न धी यझन याची. मामलूक सुलतान अझ्‌-झाहिर बैबर्स याची. आणि बनू हिलाल या टोळ्यांची. त्या बहुधा यमकबद्ध गद्यांत असून मधून मधून पद्य येतें. हिलालांच्या सीरेंत मात्र, विशेषतः इजिप्तांतील गायकांच्या तोंडीं, पद्याचेंच राज्य आहे.

इ. स. १८३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत एडवर्ड लेन यानें कैरो शहरांतील कथेकऱ्यांचे तीन वर्ग सांगितले आहेत. अबू झैद, म्हणजे हिलालांचा नायक, याची कथा सांगणारे सुमारें पन्नास; बैबर्साची सांगणारे सुमारें तीस; आणि अन्तराची सांगणारे अवघे सहा. यांतील पहिल्या वर्गास 'शुअरा' म्हणजे कवि म्हणत. ते रबाब वाजवून म्हणत, पुस्तक पाहून वाचीत नसत. अन्तराची कथा सांगणारे मात्र पुस्तक पाहून वाचीत. हा भेद हस्तलिखितांच्या अभ्यासकानें लक्षांत ठेवण्यासारखा आहे. एका सीरेचा आधार कागद आहे, दुसरीचा आधार कंठ आहे. तेव्हां दोहोंच्या पोथ्यांस एकच कसोटी लावून चालणार नाहीं.

आतां बनू हिलालांचा इतिहास बखरकारांच्या मुखानें ऐकूं. दहाव्या शतकांत फातिमी खलिफांनीं उत्तर आफ्रिकेंतून आपलें ठाणें इजिप्तांत हलविलें, आणि मागें इफ्रीकिया प्रांत, म्हणजे हल्लींचा ट्युनिशिया व त्याच्या भोंवतालचा मुलूख, झीरी घराण्याच्या हातीं सोंपविला. हे झीरी बर्बर वंशाच्या सन्हाजा शाखेचे. त्यांच्यापैकीं अल्‌-मुइझ्झ इब्न बादीस (कारकीर्द इ. स. १०१६ ते १०६२) यानें अकराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फातिमींचें स्वामित्व झुगारून बगदादच्या अब्बासी खलिफाच्या नांवें खुत्बा सुरू केला. यावर कैरोचा वजीर अल्‌-याझूरी यानें सूड म्हणून इजिप्तांत असलेल्या हिलाल टोळ्यांस प्रत्येकीं एक उंट व एक दीनार देऊन नाईल ओलांडण्याची परवानगी दिली आणि पश्चिमेचा मुलूख त्यांस बक्षीस केला, असें सांगतात. इ. स. १०५२ मध्यें हैदरानच्या लढाईंत त्यांनीं अल्‌-मुइझ्झच्या सैन्याचा पुरा मोड केला. इ. स. १०५७ मध्यें अल्‌-मुइझ्झनें कैरवान ही आपली राजधानी सोडून समुद्रकांठच्या महदियेचा आश्रय घेतला आणि कैरवान लुटलें गेलें. पुढें इ. स. ११५३ मध्यें सेतीफजवळ अल्मोहादांनीं या टोळ्यांचा पराभव केला.

सीरेंत हीच गोष्ट कशी येते तें पाहूं. नज्द प्रांतांत वर्षानुवर्षें पाऊस पडत नाहीं. जनावरें मरूं लागतात. तेव्हां हिलालांचा सुलतान हसन इब्न सरहान सल्लामसलत करतो. अबू झैद हा काळ्या वर्णाचा, पण कुलीन मातापित्यांच्या पोटीं जन्मलेला वीर. त्याच्या वर्णामुळें त्याच्या आईवर, खद्रेवर, बदफैलीचा आळ येऊन तिला घराबाहेर पडावें लागलेलें असतें. हा अबू झैद मर्‌ई, यह्‌या व यूनुस या तीन भाच्यांस घेऊन वेषांतर करून पश्चिमेकडील मुलखाची टेहळणी करण्यास जातो. मग सारी टोळी, बायकामुलें व गुरेंढोरें यांसह, ट्यूनिसच्या रोखानें निघते. तेथें झनाती खलीफा हा राजा त्यांना अडवितो. त्याची कन्या सुअदा ही मर्‌ईवर अनुरक्त होते. अखेर दियाब इब्न घानिम भाल्यानें झनातीचा डोळा फोडून त्याला ठार मारतो. परंतु जय मिळाल्यावर मुलुखाच्या वांटणीवरून हिलालांतच वैर माजतें. दियाबाच्या हातून हसन व अबू झैद मरतात. आणि त्यांचीं पोरकीं मुलें पुढें त्याचा सूड घेतात. या शेवटच्या भागास 'अनाथांचा दिवाण' असें नांव आहे.

दोन्ही हकीकती शेजारीं ठेवल्या म्हणजे सुबकीची बाजू बळकट दिसते. सीरेंत अल्‌-मुइझ्झ नाहीं, झीरी घराणें नाहीं, याझूरी नाहीं, फातिमी खलिफाची आज्ञा नाहीं, हैदरान नाहीं. टोळ्यांनीं पश्चिमेस जाण्यापूर्वीं इजिप्तांत कित्येक दशकें काढलीं होतीं, त्यांचाही मागमूस नाहीं. नज्दहून निघालेली टोळी जणूं एका दमांत ट्यूनिसच्या वेशीशीं येऊन थडकते. शत्रूची राजधानी कैरवान, ती झाली ट्यूनिस. शत्रू सन्हाजा, तो झाला झनाता, म्हणजे सन्हाजांचा पिढीजाद हाडवैरी! मराठ्यांच्या इतिहासांत एखाद्यानें आदिलशाहीच्या जागीं निजामशाही घालावी व विजापूरच्या जागीं दुसरें शहर घालावें, तसलाच हा प्रकार. असल्या साक्षीदाराची जबानी फेंकून द्यावी असें कोणासही वाटेल.

परंतु चूक कोणत्या दिशेनें झाली आहे तें पाहण्यासारखें आहे. चुका यदृच्छेनें झाल्या असत्या तर त्या एका रेषेंत पडल्या नसत्या. ट्यूनिसला महत्त्व आलें तें अल्मोहादांनीं बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तें प्रांताचें मुख्य ठाणें केलें तेव्हांपासून, आणि हफ्सी घराण्यानें (इ. स. १२२९ ते १५७४) तेथें गादी स्थापल्यावर तर कैरवानचें वैभव ही केवळ जुनी आठवण राहिली. झनातांचेंही तसेंच. तेराव्या व चवदाव्या शतकांत त्लेम्सेनचें अब्दुलवादी व फेजचें मरीनी हीं दोन्ही राजघराणीं झनाता वंशाचीं होतीं. म्हणजे तेराव्या-चवदाव्या शतकांतील एखाद्या हिलाल गायकास आपल्या पूर्वजांचा तोलामोलाचा शत्रु कोण म्हणून विचारलें, तर त्याच्या डोळ्यांसमोर झनातांखेरीज दुसरा कोण येणार? आणि जिंकण्याजोगें शहर कोणतें म्हटलें तर ट्यूनिसखेरीज दुसरें कोणतें? नामशेष झालेल्या झीरींस हांकलून देऊन सीरेनें त्यांच्या जागीं आपल्या काळचे राजे बसविले. एखाद्या कागदावर नंतरच्या हाताची ओळ सांपडली म्हणजे आपण ती खोडून टाकीत नाहीं. ती कोणत्या काळची आहे तें ठरवितों आणि त्यावरून त्या कागदाचा प्रवास लावतों. 'ट्यूनिस' व 'झनाती' हीं दोन नांवें सीरेच्या अंगावरील अशाच मागाहूनच्या ओळी आहेत. त्यांवरून अकराव्या शतकाचें कांहीं कळत नाहीं. पण सीरेचा हा घाट बाराव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या अलीकडचा आहे, असें अनुमान करण्यास त्या पुरेशा आहेत.

याच काळाच्या एका टोंकास इब्न खल्दून उभा आहे. ट्यूनिसमध्यें इ. स. १३३२ साली जन्मलेला व कैरोंत इ. स. १४०६ साली मरण पावलेला हा इतिहासमीमांसक हिलालांच्या वंशजांत वावरलेला, त्यांच्याशीं राजकारणें केलेला. त्यानें दिलेल्या आरंभींच्या हिलाल सरदारांच्या नांवांत हसन इब्न सरहान व दियाब इब्न घानिम हीं दोन्ही नांवें आहेत. सीरेंतील सर्वश्रेष्ठ नायक जो अबू झैद, त्याला मात्र तेथें सीरेंतलें स्थान नाहीं. मुकद्दिमेंत (इ. स. १३७७) त्यानें या टोळ्यांच्या बोलभाषेंतील कविता उतरून घेतल्या आहेत. व्याकरणाचे विभक्तिप्रत्यय नाहींत म्हणून जे पंडित तिला हंसतात त्यांस त्यानें फटकारलें आहे. वक्तृत्व हें प्रत्ययांवर अवलंबून नसतें, असा त्याचा अभिप्राय आहे. सुबकीचा समकालीन असूनही त्याची दृष्टि किती निराळी!

त्याहूनही महत्त्वाचें म्हणजे त्यानें जाझियेच्या कथेविषयीं केलेलें विवेचन. हिलाल लोक सांगत कीं, हसनाची बहीण जाझिया ही मक्केचा शरीफ शुक्र इब्न अबिल्‌-फुतूह याला दिली होती. तिला पुत्रही झाला. पण पुढें तिच्या आप्तांनीं तिला नवऱ्यापासून युक्तीनें काढून आपल्याबरोबर पश्चिमेस नेलें. शुक्र हा खरोखर अकराव्या शतकांत मक्केचा अमीर होता. इब्न खल्दून या कथेस विचित्र म्हणतो. आणि लागलीच असेंही म्हणतो कीं, ती हिलालांत पिढ्यान्‌पिढ्या इतक्या एकमुखानें चालत आली आहे कीं, तिच्याविषयीं शंका घेणारास ते वेडा ठरवितील. या एका निरीक्षणांत इतिहासमीमांसेचा मोठा धडा आहे. मुसलमानी शास्त्रांत अनेकांच्या अखंड परंपरेनें आलेल्या वार्तेस 'तवातुर' म्हणतात व ती प्रमाण मानतात. येथें परंपरा अखंड आहे, सांगणारे पुष्कळ आहेत, तरी वार्ता संशयास्पद आहे. सांगणारांच्या संख्येनें सत्य सिद्ध होत नाहीं. पण एवढें खचित सिद्ध होतें कीं, या लोकांस ती गोष्ट आपल्या ओळखीसाठीं अत्यावश्यक वाटत होती. मक्केच्या शरीफाशीं सोयरीक जडवून वाळवंटांतील एका लुटारू म्हणून गाजलेल्या टोळीनें आपल्या कुळास प्रतिष्ठा मिळविली.

येथवर सीरेची उलटतपासणी झाली. आतां बखरीचीही केली पाहिजे. कारण सीरा खोटी म्हणून बखर खरी, असें आपोआप ठरत नाहीं. याझूरीनें टोळ्या सूड म्हणून धाडल्या ही गोष्ट शतकानुशतकें इतिहास म्हणून चालली. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मायकेल ब्रेट या संशोधकानें ती बारकाईनें तपासून तिच्या विश्वसनीयतेस जोराचा आक्षेप घेतला. टोळ्यांची पश्चिमेकडील हालचाल ही वजिराच्या एका हुकुमानें झालेली घटना नसून आधींपासून चालत आलेली क्रिया होती; वजिराच्या धूर्तपणाची गोष्ट तिच्यावर मागाहून चढली, असा त्याच्या विवेचनाचा रोख आहे. एक राजा उद्धट होतो, एक वजीर हुशारीनें रानटी लोकांस त्याच्यावर सोडतो, आणि राज्याचा सत्यानाश होतो: ही घडण इतिहासापेक्षां कथेचीच अधिक आहे. इतकेंच कीं ती कॉफीखान्यांत न घडतां दरबारांत घडली.

इब्न खल्दूनची लेखणीही या बाबतींत निर्दोष नाहीं. हिलाल टोळधाडीसारखे पसरले व वाटेंतील कांहींही शिल्लक ठेविलें नाहीं, ही त्याची उपमा प्रसिद्ध आहे. तो घटनेनंतर तीनशें वर्षांनीं, स्वतःच्या काळांतील टोळ्यांच्या दंगलींचा अनुभव घेऊन लिहीत होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, फ्रेंच अंमल उत्तर आफ्रिकेवर असतांना, जॉर्ज मार्से (इ. स. १९१३) व गोत्ये (इ. स. १९२७) यांच्यासारख्या विद्वानांच्या लेखनांतून त्या उपमेस विस्तार मिळाला. अरब भटके म्हणजे नाश, स्थायिक बर्बर म्हणजे संस्कृति, असा एक साधासोपा सिद्धांत त्यांतून रूढ झाला. आणि परक्या राज्यकर्त्यांस तो सोयीचा होता हें सांगावयास नकोच. इ. स. १९६७ मध्यें झां पोंसे यानें या 'हिलाली महासंकटा'स दंतकथाच ठरविलें. इफ्रीकियाची घसरण टोळ्या येण्यापूर्वींच सुरू झाली होती, असें त्यानें प्रतिपादिलें. झीरींच्या इतिहासाचा व्यासंगी इद्रीस यानें त्याला पुढच्याच वर्षीं उत्तर दिलें, आणि वाद चालू राहिला. या वादाचा निकाल कसाही लागो. एक उपमा इतिहासाचा पोषाख चढवून साडेपांचशें वर्षें कशी वावरली, हें त्यावरून स्पष्ट होतें.

आणि या पार्श्वभूमीवर सीरेची जबानी पुन्हां ऐकली म्हणजे तिच्यांत बखरींत नसलेलें कांहीं तरी ऐकूं येतें. सीरेंत टोळी सूडाचें हत्यार म्हणून येत नाहीं. ती दुष्काळानें बाहेर काढलेली माणसें म्हणून येते. निघण्यापूर्वींची सल्लामसलत, बायकामुलांचे काफिले, घर सोडतांना होणारे विलाप, हें सर्व तिच्यांत आहे. जाझियेला टोळीच्या मसलतींत तिसऱ्या हिश्शाचा अधिकार होता, असें परंपरा सांगते. आणि हीच जाझिया नवरा व मूल मागें टाकून टोळीबरोबर जाते. बखरीच्या दृष्टीस टोळी ही एक संख्या आहे. सीरेच्या दृष्टीस तीं घरें आहेत. शेवटची यादवी तर विशेष ध्यानांत घेण्याजोगी. अथबज, रियाह, झुघ्बा या हिलालांच्या शाखा पुढें एकमेकींच्या जिवावर उठल्या आणि उत्तर आफ्रिकेंतील राजांनीं त्यांस एकमेकींविरुद्ध वापरलें, हें इतिहास सांगतो. सीरेनें व्यक्तींचीं नांवें बदललीं असतील, प्रसंग रचले असतील. पण जय मिळूनही घर कां बुडालें, या प्रश्नाचें उत्तर तिनें खोटें दिलेलें नाहीं.

येथें सावधगिरीचा इशारा देणें अवश्य आहे. वरील विवेचनाचा अर्थ असा कोणीं करूं नये कीं, धूर आहे तेथें अग्नि असतोच, सबब सीरेंतील प्रत्येक गोष्टीच्या बुडाशीं एखादी घटना असलीच पाहिजे. हा युक्तिवाद फार जुना व फार घातुक आहे. सीरेंतील दुष्काळावरून अकराव्या शतकांत नज्दांत अमुक वर्षीं दुष्काळ पडला, असें लिहिणें हा इतिहास नव्हे. शिवाय सीरा एक नाहीं. इजिप्तांतील गायकांचा लाडका अबू झैद आहे; पश्चिमेकडे ट्युनिशिया-अल्जीरियाच्या बाजूस दियाबाचें माहात्म्य अधिक आहे. जेथें ज्याचा अभिमान, तेथें त्याची तलवार लांब! यास्तव बखरींत रिकामी राहिलेली जागा सीरेनें भरून काढण्याचा मोह टाळलाच पाहिजे.

हा नियम केवळ हिलालांपुरता आहे कीं काय, हें पाहण्यास बैबर्साच्या सीरेचें उदाहरण उपयोगी पडेल. किपचाक मुलखांतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष इ. स. १२६० मध्यें सुलतान कुतुझ याचा खून करून इजिप्तच्या गादीवर आला व इ. स. १२७७ मध्यें दमास्कस येथें मरण पावला. त्याचा चिटणीस इब्न अब्द अझ्‌-झाहिर (मृत्यु इ. स. १२९२) यानें त्याचें चरित्र लिहिलें, आणि चिटणिसाचाच भाचा शाफी इब्न अली यानें मामाच्या लेखनांतील स्तुतीचा भर ओळखून त्याचा सुधारून संक्षेप केला. म्हणजे येथें दरबारी सीराही आहे आणि लोकसीराही आहे. लोकसीरेंत बैबर्स हा गुलाम खरा, पण मूळचा राजपुत्र. दमास्कसची एक पुत्रहीन झालेली स्त्री त्याला दत्तक घेते. ऐबक हा त्याचा कपटी वैरी. आणि इतिहासांतही इ. स. १२५४ मध्यें ऐबकानें अक्ताय या सरदाराचा वध केल्यावर बैबर्सास इजिप्त सोडून पळावें लागलें होतें. वैराची आठवण राहिली. कारणें मात्र कथेनें आपलीं घातलीं.

सर्वांत बोधप्रद बाब इस्माइलींची. बैबर्सानें इ. स. १२७० ते १२७३ या वर्षांत सीरियांतील इस्माइलींचे किल्ले एकामागून एक आपल्या ताब्यांत घेतले. लोकसीरेंत मात्र हेच इस्माइली 'फिदावी' त्याचे निष्ठावंत सोबती आहेत. हें उघड खोटें आहे. परंतु इ. स. १३२६ मध्यें त्या मुलखांतून गेलेला प्रवासी इब्न बतूता सांगतो कीं, हे किल्लेकरी सुलतान अन्‌-नासिराचे बाणच असून दूरच्या शत्रूंवर तो त्यांना सोडतो. बैबर्सानंतर अर्ध्या शतकांत शत्रूचे चाकर झाले होते. सीरेनें ही मागाहूनची स्थिति उचलून आरंभीं नेऊन बसविली. ट्यूनिस व झनाती यांच्या बाबतींत जें झालें तेंच येथें झालें. दोन निरनिराळ्या सीरा, दोन निरनिराळे देश, पण चुकीची रीत एकच! वर सांगितलेला नियम एका उदाहरणाचा योगायोग नाहीं, असें मानण्यास हा आधार होतो.

यावरून संग्राहकांनीं काय ध्यावें? पहिलें हें कीं, सीरेच्या पोथींत मजकुराइतकेंच महत्त्व पोथीच्या अंगावरील खुणांना आहे. बर्लिन येथील अरबी हस्तलिखितांची दहा खंडांची यादी करतांना आल्वार्त या पंडितानें आठव्या खंडांत या लोककथांच्या पोथ्यांस विस्तृत जागा दिली, आणि त्यामुळेंच पुढील अभ्यास शक्य झाला; सुबकीचा सल्ला त्यानें मानला असता तर आज आपल्या हातीं काय राहिलें असतें? अशा पोथ्या सुट्या लहान भागांत बांधलेल्या असतात. त्यांवर वाचकांच्या हातचे शेरे, मालकांचीं नांवें, नकलेच्या तारखा सांपडतात. कोणत्या शहरीं, कोणत्या सालीं, कोणत्या प्रकारच्या माणसानें ही कथा वाचली, हें त्यांवरून कळतें. ज्यास मजकूर कल्पित म्हणून ही नोंद घेण्याचा कंटाळा आला, त्यानें उत्तम ऐतिहासिक साधन आपल्या हातानें घालविलें म्हणावयाचें.

दुसरें हें कीं, हिलालांच्या सीरेपुरती तरी पोथी ही अर्धीच साक्ष आहे. इजिप्तांतील कवि अब्दुर्रहमान अल्‌-अब्नूदी यानें जाबिर अबू हुसैन यांसारख्या गायकांकडून ती ध्वनिमुद्रित करून घेण्यांत आयुष्याचा मोठा भाग वेंचला. ड्वाइट रेनल्ड्स यानें नाईलच्या मुखाजवळील अल्‌-बकातूश या गांवीं राहून गायकांचा अभ्यास केला व इ. स. १९९५ मध्यें तो प्रसिद्ध केला. त्यानें दाखविलें कीं, थोर अरब कुळांचा पोवाडा गाणारे हे गायक स्वतः मात्र गांवकऱ्यांच्या लेखीं परके व हलक्या प्रतीचे गणले जात. ज्याच्या मुखांतून कुळाचा इतिहास ऐकावयाचा, त्यालाच कुळांत जागा नाहीं! संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेनें इ. स. २००३ मध्यें या सीरेचा मौखिक वारशांत गौरव केला व इ. स. २००८ मध्यें तिची आपल्या यादींत नोंद केली. गौरव झाला हें ठीकच. पण गौरव म्हणजे चिकित्सा नव्हे.

महाराष्ट्रांतील वाचकांस हा सर्व प्रपंच ओळखीचा वाटेल. आपली 'बखर' अरबी 'खबर' या शब्दापासून निघाली, असें मानणारे पुष्कळ आहेत. आणि इब्न खल्दूनच्या बृहद्‌ग्रंथाच्या नांवांतही हा 'खबर' शब्द आहे. इ. स. १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत राजवाड्यांनीं बखरींवर जो कडक हल्ला चढविला, त्यानें अस्सल पत्रांचें महत्त्व प्रस्थापित झालें. ती त्या वेळची गरज होती. परंतु त्या हल्ल्याच्या धुरळ्यांत, बखर चुकते ती कां चुकते व कोणत्या दिशेनें चुकते, हा प्रश्न बराच काळ मागें पडला. पोवाड्यांच्या बाबतींतही तोच प्रश्न विचारतां येईल. अफझलखानाच्या वधाविषयींच्या उत्तरकालीन रचनेंतील एखादा तपशील अस्सल पत्रांत सांपडत नसेल, तर तो शिवकालाचा नव्हे हें खरें. पण तो कोणाचा, आणि कोणत्या काळाच्या गरजेनें आला, हें विचारल्यावांचून पुढें जाऊं नये.

सारांश, सीरेपुढें तीन प्रश्न क्रमानें ठेवावे. यांतील कोणतें नांव स्वतंत्र साधनांत सांपडतें? सांपडत नाहीं तें कोणत्या काळाशीं जुळतें? आणि तें येथें येऊन बसल्यानें सांगणाऱ्याचें काय साधलें? पहिल्या प्रश्नाचें उत्तर बहुधा तुटपुंजेंच मिळेल. दुसऱ्यानें कथेच्या घडणीचा काळ हातीं लागेल. तिसऱ्यानें माणसें हातीं लागतील. हेच तीन प्रश्न बखरीपुढें व दरबारी चरित्रापुढेंही ठेवावे, म्हणजे कोणासही अन्याय होणार नाहीं. दहा वर्षांच्या समौअलनें अन्तराची कथा वाचतां वाचतां जो संशय घेतला, तो मोलाचा होता. पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे संशय आल्यावर त्यानें पुस्तक फेंकून दिलें नाहीं, तर दुसरें पुस्तक शोधावयास तो उठला.